सत्तर कोटींचा ठराव

सीताराम परबांना कुठल्याही विषयावर ठराव लिहायला दहा मिनिटं पुरत. पंतनगरातल्या तुंबलेल्या गटारांपासून दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषापर्यंत काहीही असो. 'ही सभा तीव्र निषेध करते', 'ही सभा खंबीरपणे पाठीशी उभी राहते', अशी वाक्यं त्यांच्या पेनातून आपोआप उतरत. दिवसा ते कचेरीत क्लार्क होते आणि हेड क्लार्कच्या बढतीच्या यादीत त्यांचा नंबर दुसरा होता. संध्याकाळी ते घाटकोपरच्या पश्चिम आशिया मैत्री समितीचे चिटणीस. भाषण करायचं अध्यक्ष चंद्रप्रकाश राण्यांनी आणि ठराव लिहायचा परबांनी, अशी वाटणीच होती.

परबांचे वडील बोटीवर खलाशी होते. एडन, बसरा, बहारीन ही नावं परबांनी लहानपणी देवगडला वडिलांच्या तोंडून ऐकली होती. तिकडच्या माणसांनी वडिलांना एकदा तापात पंधरा दिवस घरात ठेवून सांभाळलं होतं. त्या देशांबद्दल परबांना जे वाटत होतं ते मनापासून होतं. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

नबील त्यांच्या घरी आला तो एकोणऐंशी साली, राण्यांच्याच ओळखीनं. पॅलेस्टाइनचा मुलगा, घर बैरूतजवळच्या निर्वासितांच्या छावणीत, इथे औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकायला आलेला. वसतिगृहात जागा नव्हती. परबांची मुलगी नलिनी नुकतीच लग्न होऊन मुलुंडला गेली होती, तेव्हा बंद केलेली गॅलरी रिकामीच होती. घर हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतलं. परवानगीशिवाय बाहेरचा माणूस ठेवायचा नाही, असं कागदावर लिहिलेलं होतं. परबांनी परवानगी काढली नाही. कोण विचारायला येतंय, म्हणाले.

जानकीबाईंना, म्हणजे परबांच्या बायकोला, सुरुवातीला हा उंच, दाढीवाला मुलगा बघून धाकधूक वाटली होती. महिन्याभरात तो त्यांच्या स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलायला लागला. शेजारच्या सोनूबाईंचं ऐकून त्यांना 'मावशी' म्हणायला लागला. मालवणी तर अशी उचलली की परब कचेरीतून आले की गॅलरीतून हाक यायची, "अंकल, खंय होतास?"

"अरे मेल्या, त्यांका 'तुमी' म्हण," जानकीबाई हसत ओरडायच्या.

"तुमी खंय होतास?"

"चुकला परत!"

असं तीन वर्षं चाललं. ब्याऐंशीच्या ऑक्टोबरात त्याची शेवटची परीक्षा होती.

जूनमध्ये बैरूतवर बाँब पडायला लागले. छावणीत त्याची आई होती, दोन बहिणी होत्या. पत्रं थांबली. नबील रेडिओ कानाला लावून बसे, खरखर ऐके आणि जेवायला बोलावलं तर 'भूक नाही' म्हणे. परब रोज पेपर घेऊन त्याच्याशेजारी बसत.

"दिल्लीनं कडक शब्दांत निषेध केलाय, बघ. इतक्या कडक शब्दांत आजवर केला नव्हता."

नबील मान हलवी. जानकीबाई भाकरी थापता थापता विचारत, "निषेध केला म्हणजे काय केलं?"

"म्हणजे निषेध केला."

"मगे? बाँब थांबले?"

"अगं, परराष्ट्र धोरण असं नसतं. जगात वजन पडतं आपल्या शब्दाचं."

"पडूदे," त्या म्हणायच्या आणि भाकरी उलटायच्या.

सत्तावीस जूनला, रविवारी, समितीनं शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. नबीलनं स्टेजवर यावं असं राण्यांना फार वाटत होतं. नबील नको म्हणाला. "अंकल, मैं स्टुडंट हूँ. भाषण मना है."

"अरे, दोन शब्द," परब म्हणाले. "घाटकोपरच्या शाळेत कोण बघायला येणार आहे? लोकांना बरं वाटेल."

परबांचा शब्द मोडवेना म्हणून तो गेला. राण्यांनी त्याच्या गळ्यात काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल घातला. नबील माइकसमोर उभा राहिला आणि मोडक्या हिंदीत एवढंच बोलला, की माझी आई तिकडे आहे, तिची खबर नाही, मला परीक्षा द्यायची आहे, मग मी घरी जाईन. हॉल एकदम शांत झाला. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बाया डोळे पुसायला लागल्या. तिथे सभा संपली असती तर बरं झालं असतं. पण राण्यांनी माइक हातात घेतला.

"मित्रहो! या शब्दांमागचा निर्धार ओळखा! हा तरुण तुम्हाला सांगतोय, की मी हातात बंदूक घेईन आणि माझी मायभूमी परत मिळवीन! नबील, तू एकटा नाहीस! भारताची सत्तर कोटी जनता तुझ्या पाठीशी उभी आहे!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. परबांच्याही अंगावर काटा आला. नबील रुमालाच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होता.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी तो जेवताना म्हणाला की त्याच्या राहण्याच्या परवान्याची मुदत एकतीस जुलैला संपते. पासपोर्ट म्हणून जो कागद त्याच्याकडे होता तोही बैरूतहूनच नवा करून यायचा आणि बैरूतला तर आता टपालसुद्धा जात नव्हतं. फोर्टातल्या परदेशी लोकांच्या नोंदणी कचेरीत तो जाऊन आला होता. तिथला साहेब चांगला होता. परीक्षेपुरती मुदत वाढवता येईल म्हणाला. कॉलेजचं पत्र मिळालं होतं. दिल्लीतल्या पॅलेस्टाइनच्या कचेरीनंही पत्र दिलं होतं. एकच कागद राहिला होता. ज्या घरात तो राहतो ते घर ज्याच्या नावावर आहे त्यानं स्वतः येऊन लिहून द्यायचं, की हा माझ्याकडे तीन वर्षं राहतो, त्याची वागणूक चांगली आहे आणि परीक्षा होईपर्यंत माझ्याकडेच राहील.

"बस, अंकल. एक सही."

"त्यात काय," जानकीबाई म्हणाल्या. "उद्याच जा दोघं."

परबांनी घास गिळला. 'तीन वर्षं माझ्याकडे राहतो' हे वाक्य त्यांच्या डोळ्यासमोर सरकारी कागदावर उमटलं. खाली त्यांची सही आणि पत्ता. तो कागद कुठे कुठे जाईल? बोर्डाकडे गेला तर? विनापरवाना परदेशी माणूस ठेवला म्हणून जागा गेली तर? आणि कचेरीत चौकशी लागली तर हेड क्लार्कची जागा यादीतल्या तिसऱ्या माणसाला.

"बघतो," ते म्हणाले.

तीन-चार दिवस ते 'बघतो'च म्हणत राहिले. मग एक दिवस टाइप केलेला कागद घेऊन उत्साहात घरी आले.

"एका माणसाच्या सहीला काय किंमत असते? मी समितीचा ठराव पाठवलाय. रजिस्टर पोस्टानं. एक प्रत दिल्लीला, एक फोर्टातल्या कचेरीत. खाली एकवीस जणांच्या सह्या आहेत. सत्तर कोटी जनतेच्या वतीनं मागणी केलीय. ऐका."

त्यांनी उभं राहून वाचलं. भाषा झकास होती, यात शंका नाही.

जानकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सत्तर कोटी माणसं त्या साहेबानं मागितलीत का?" त्यांनी विचारलं. "त्यानं एक सीताराम परब मागितलाय."

"तुला कळत नाही त्यातलं."

"नसंल कळत. माझी सही चालत असती तर मी कधीच ठोकून आले असते. जागा तुमच्या नावावर आहे म्हणून तुमच्या तोंडाकडे बघायचं."

एकतीस तारीख जवळ आली. अठ्ठावीसला, बुधवारी, जानकीबाईंनी परबांना कचेरीतून रजा घ्यायला लावली आणि नबीलबरोबर फोर्टात पाठवलं. परब ठरावाची तिसरी प्रत पिशवीत घेऊन गेले.

साहेब पन्नाशीचा, बारीक, चष्मा लावलेला माणूस होता. मराठीच होता. त्यानं दोघांना बसायला सांगितलं. नबीलची फाईल काढली आणि त्यातून परबांचा ठराव बाहेर काढून टेबलावर ठेवला. वर आवक क्रमांकाचा शिक्का बसला होता.

"हा तुम्ही लिहिलात?"

"हो. म्हणजे समितीनं."

साहेबानं चष्मा वर सरकवला आणि पेपरातली हवामानाची बातमी वाचावी तसं वाचलं. "'दिनांक सत्तावीस जून रोजी आमच्या व्यासपीठावरून मायभूमीच्या मुक्तीसाठी शस्त्र हाती घेण्याची प्रतिज्ञा करणारे आमचे लढवय्ये बंधू...'" तो थांबला. "का रे, अशी प्रतिज्ञा केलीस तू?"

"नहीं सर," नबील म्हणाला. "मैंने बोला एग्झाम देना है."

"मग हे?"

दोघांनी परबांकडे पाहिलं. शाळेच्या हॉलमध्ये अंगावर काटा आणणारं ते वाक्य इथे, पंख्याखाली, हिरव्या कापडाच्या टेबलावर पडलं होतं आणि काही केल्या खरं वाटत नव्हतं.

"ते... भाषणाच्या ओघात अध्यक्ष बोलले. मी उतरवून घेतलं."

साहेबानं उसासा सोडला. "अहो परब, शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्या मुलानं राजकारण करायचं नसतं. हे कोणी दुश्मनानं लिहून पाठवलं असतं तर मी कचऱ्यात टाकलं असतं. एकवीस मित्रांनी सह्या करून पाठवलंय. आता मी काय करू?"



"एक करा," साहेब म्हणाला. त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "इथंच लिहा. हा मुलगा तुमच्या घरी राहतो, अभ्यास करतो. आणि ते वाक्य तुमच्या समितीचं आहे, त्याचं नाही. खाली सही, पत्ता. मी दोन्ही कागद एकत्र वर पाठवतो. तीन महिन्यांचा प्रश्न आहे, मिळून जाईल."

परबांनी पेन काढलं. टोपण उघडलं. 'मी, सीताराम विठू परब' एवढं लिहिलं.

"पत्ता कुठला घालू?"

"म्हणजे? राहता तिथला."

पेन थांबलं. शेजारी नबील गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, शाळेतल्या मुलासारखा. परबांनी पेनाला टोपण लावलं.

"जरा वकिलाला दाखवून आणतो," ते म्हणाले. "भाषा पक्की हवी ना. उद्या आणतो."

साहेबानं तो अर्धवट कागद त्यांच्याकडे सरकवला. "भाषा कशाला पक्की लागते याला," तो म्हणाला. "बरं. उद्या आणा, परवा आणा. शुक्रवारी पाचपर्यंत मी आहे."

गुरुवारी सकाळी परब 'वकिलाकडे जातो' म्हणून निघाले. वकील मुलुंडला राहत होता. परब घाटकोपरला स्टेशनजवळच्या बागेत बाकावर जाऊन बसले. शेंगदाणे खाल्ले. पेपर वाचला, त्यात पश्चिम आशियाबद्दल दिल्लीचं नवं पत्रक आलं होतं, तेही वाचलं. मनातल्या मनात कागदाची चार वाक्यं त्यांनी दहा वेळा जुळवली आणि दहाही वेळा पत्त्यापाशी अडखळले. बाराच्या सुमाराला घरी आले.

"वकील गावाला गेलाय," ते म्हणाले.

जानकीबाईंनी त्यांचं ताट वाढलं.

शुक्रवारी ते नेहमीसारखे कामावर गेले. साडेतीनला घड्याळ बघितलं. चारला बघितलं. अर्धा दिवस सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. पाच वाजले तेव्हा त्यांना बरंच हलकं वाटलं, आणि पुढची सगळी वर्षं त्यांना लाज वाटत राहिली ती त्या हलकं वाटण्याचीच.

नबीलला मुदतवाढ मिळाली नाही. कचेरीनं त्याला देश सोडण्यापुरती आठवड्याची सवलत दिली. दमास्कसला एक काका होता, त्यानं तिकीट पाठवलं. सहार विमानतळावर परब, जानकीबाई आणि राणे पोहोचवायला गेले. राण्यांनी हार आणला होता. जानकीबाईंनी सोलकढीची आमसुलं, कुळथाचं पीठ आणि एक स्वेटर त्याच्या बॅगेत कोंबला होता. आत जाताना नबील वाकला आणि त्यानं परबांच्या पायांना हात लावला. हे तो परबांच्या घरातच बघून शिकला होता.

"थँक यू, अंकल. सब के लिए."

तो टोमणा मारत असता तर परबांना सोसलं असतं. पण त्यानं ते अगदी मनापासून म्हटलं.

सप्टेंबरात त्या छावण्यांमध्ये कत्तल झाली. माणसं किती गेली याचे आकडे पेपरात रोज वेगळे येत होते. समितीनं पुन्हा सभा घेतली. राणे बोलताना रडले, आणि ते रडणंही खोटं नव्हतं. परबांनी ठराव लिहिला. दहा मिनिटंच लागली. डिसेंबरात नबीलचं जानकीबाईंच्या नावानं पत्र आलं. सोपं इंग्रजी होतं, नलिनीनं वाचून दाखवलं. बहिणी सापडल्या, आई सापडली नाही. पदवी नसल्यामुळे औषधाच्या दुकानात काम मिळालंय ते खोकी उचलायचं. मावशीची तब्येत कशी आहे. अंकलना सांगा, पेपर वाचताना चष्मा लावत जा.

त्यानंतर समितीची दोन माणसं परबांना भेटायला आली की जानकीबाई चहा ठेवून शेजारी सोनूबाईंकडे जाऊन बसत. भांडल्या कधीच नाहीत. जेवण वेळेवर, बोलणंचालणं नेहमीसारखं. फक्त परबांनी एखादी बातमी वाचून 'दिल्लीनं असं म्हटलंय' असं सांगितलं की त्या 'हं' म्हणत. पूर्वीसारखं 'म्हणजे काय केलं?' असं विचारत नसत. परबांना त्या प्रश्नाचा किती राग यायचा. आता तो ऐकायला कान आसुसले होते.

परब त्र्याऐंशीत हेड क्लार्क झाले. बोर्डाचा माणूस दारावर कधीच आला नाही. समोरच्या इमारतीत तीन घरांत पोटभाडेकरू होते आणि सगळ्या वसाहतीला ते ठाऊक होतं.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये जानकीबाईंना पोटाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नलिनीला बाहेर बोलावून सांगायचं ते सांगितलं. परब दुपारभर कॉटशेजारच्या स्टुलावर बसून असत. एका दुपारी वॉर्डात बऱ्यापैकी शांतता होती. जानकीबाई जाग्या होत्या. परबांना वाटलं, आता नाही बोललो तर राहून जाईल.

"जानकी, तुला एक सांगायचंय. त्या गुरुवारी मी वकिलाकडे गेलोच नव्हतो."

त्यांनी मान वळवली. "बागेत बसला होतात," त्या म्हणाल्या. "सोनूबाई भाजी घेऊन येत होती. तिनं बघितलं."

"तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

त्यांना बोलायला त्रास होत होता. दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता. "मला वाटलं... माणूस घाबरतो. एक दिवस घाबरला. अजून शुक्रवार होता." त्या थांबल्या. "मी म्हटलं, सांगून नको. आपणहून जातील."

परब स्टुलावर पुढे सरकले. आणि मग ते बोलायला लागले. त्यांनी बोर्डाचा नियम सांगितला. कचेरीतली यादी सांगितली. चौकशी कशी लागते ते सांगितलं. परराष्ट्राच्या बाबतीत सामान्य माणसाच्या हातात तसं काहीच नसतं, सरकारलासुद्धा शब्दांपलीकडे जाता येत नाही, तेलाचे प्रश्न असतात, मोठ्या देशांचे दबाव असतात, तरी आपण आपल्या परीनं आवाज उठवला, आपल्या भावना प्रामाणिक होत्या... वाक्यं एकामागून एक येत होती, नीट, जोडलेली, एकही न अडखळता. आणि मध्येच त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. पलीकडच्या कॉटवरच्या बाईचा नवरा कौतुकानं त्यांच्याकडे बघत होता.

ते गप्प झाले.

जानकीबाईंनी डोळे मिटले होते. झोप लागली होती की नुसते मिटले होते, ते परबांना कळलं नाही. त्यांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी घाबरलो आणि माझं चुकलं. चार-पाच शब्द. त्या जाग्या झाल्या की म्हणू, असं ठरवून ते बसून राहिले. चारला नलिनी आली, मग नर्स आली, सलाईन बदललं. दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि जानकीबाई त्यानंतर माणसं ओळखेनाशा झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी गेल्या.

समितीनं दुखवट्याची सभा ठेवली. राणे स्वतः घरी आले. "परब, ठराव तेवढा तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं कोणाला जमतंय," ते म्हणाले.

परबांनी कागद घेतला. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. राणे चहा संपवून दारात जाऊन उभे राहिले, सिगारेट ओढून परत आले. कागद कोराच होता.

"राहू द्या," राणे हळूच म्हणाले. "मी बोलेन काहीतरी."